पाय टेकला का

माझा दादा वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातले, भाजीबाजारातले, दवाखान्यात बाळं तोलायचे, गोदामात पोती तोलायचे, सगळे. चाळीस वर्षं ग्रॅमांशी संसार केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते त्याचं झालं आहे. वहिनीच्या हातून चहात साखर जास्त पडली तर तो 'गोड झालाय' म्हणत नाही, किती जास्त पडली ते सांगतो. वहिनी म्हणते, मी लग्न माणसाशी केलं की तराजूशी तेच मला अजून कळलेलं नाही. खोटं बोलणं दादाला जमत नाही. तत्त्व वगैरे आहेच, पण मुळात तो फार वाईट खोटं बोलतो. कान लाल होतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्या या खरेपणानेच घातला.

आमच्याकडे एक हौशी सायकल मंडळ आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई अध्यक्ष, बेकरीवाले चिटणीस, शाळेतले खेळाचे मास्तर आणि आणखी चारपाच उत्साही पोटं. वर्षातून एकदा मंडळ मोठी शर्यत भरवतं आणि तिचा मार्ग दादा आखतो. बावीस वर्षं तोच आखतो. मी शिंपीण. माझा या सगळ्याशी संबंध एवढाच की माझ्याकडे स्कूटर आहे आणि माझं अक्षर वाचता येतं. दादा सायकलवर पुढे, मी स्कूटरवर मागे, पायाशी फक्कीची पिशवी, पिवळ्या रंगाचा डबा आणि रेक्झिनमधून कापलेला बाणाचा साचा. तो पुढून ओरडतो, 'डावीकडे खड्डा, दोन वीत.' मी थांबून वहीत लिहिते. मग तो ओरडतो, 'दोन नाही, पावणेदोन.' मी खोडून लिहिते. असा आमचा बहीणभावाचा फेरफटका.

निघायच्या आधी माझ्या दुकानासमोरच्या रस्त्यात ठोकलेल्या दोन खिळ्यांवरून चार वेळा सायकल चालवायची, हा नेम. दोन खिळ्यांमधलं अंतर दादाने पोलादी टेपने मोजून घेतलेलं आहे, बरोबर शंभर मीटर. पुढच्या चाकाला लावलेला आकडेयंत्राचा डबा तेवढ्यात किती आकडे पुढे जातो ते पाहायचं, मग चाकात हवा कमी-जास्त करायची नाही, आणि मग मार्ग मोजायचा. या चार फेऱ्या चालू असताना माझी गिऱ्हाइकं ब्लाउजचं माप अर्धवट सोडून दारात येऊन उभी राहतात. त्यांना वाटतं म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

आणि एक नियम. तो मंडळाचा नाही, दादाचा स्वतःचा. ज्याने मार्ग आखला त्याने तो अख्खा मार्ग एकदा स्वतः चालवायचा, जमिनीला पाय न टेकता. आपल्याला जे जमत नाही त्यावर दुसऱ्यांना पाठवायचं नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर अगदी शेवटी एक रकाना असतो, 'पाय टेकला का?' आणि त्यात दरवर्षी, माझ्याच अक्षरात, एकच शब्द, 'नाही'. बाकीची माहिती वाचायला मंडळी चष्मे पुसून बसतात, तो रकाना कुणीच वाचत नाही. दादा मात्र माझ्या खांद्यावरून वाकून तो शब्द लिहिला गेला की नाही ते बघतो.

यंदा शर्यतीला दीड महिना होता तेव्हा माझी भाची दुकानात आली. दादाची एकुलती एक लेक. चणीने एवढीशी म्हणून आम्ही तिला पिटू म्हणतो. शर्यतीच्या अंगरख्याचं माप द्यायला आली होती आणि दोन्ही हात वर करून उभी होती. मी छातीभोवती टेप धरला आणि ती छताकडे बघत म्हणाली, "आत्या, टाकीचा चढ परत आला असता तर."

टाकीचा चढ म्हणजे पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता. दोन किलोमीटर, पाच वळणं, आणि वर पोचेपर्यंत माणसाला आपले पूर्वज आठवतात. पूर्वी शर्यत त्यावरूनच जायची. तीन वर्षांपूर्वी दादाने मंडळात सांगितलं की तिथला रस्ता खराब झालाय, आणि शर्यत कालव्याच्या काठाने नेली. दादाचा शब्द म्हटल्यावर वर जाऊन खात्री करायला कुणी गेलं नाही. कालव्याचा रस्ता ताटासारखा सपाट. तेव्हापासून मुलींच्या शर्यतीत लांब टांगांच्या उंच पोरी जिंकतात. त्यातल्या सगळ्यांत उंच पोरीला पिटू 'खांब' म्हणते. पिटू तीन वर्षांत पाचवी, चौथी आणि तिसरी आली. तिचं वजन एवढं कमी की सपाटीवर वारा तिला मागे ढकलतो, पण चढ लागला की ती पाखरासारखी वर जाते. यंदा विभागाच्या संघासाठी निवड करणाऱ्या बाई शर्यत बघायला येणार होत्या आणि पहिल्या दोघींना घेणार होत्या. तेविशीच्या पुढच्यांना घेत नाहीत. पिटूचं हे शेवटचं वर्ष.

मी म्हटलं, मग बापाला सांग की. तर म्हणाली, तेच तर करता येत नाही. मार्ग आखणाऱ्याच्या मुलीने मार्ग मागायचा नसतो. आणि रस्ताच खराब आहे तर बाबा तरी काय करणार. हे तिने इतक्या शहाण्यासारखं म्हटलं की माझ्या हातातला टेप दोन इंच जास्त ओढला गेला.

त्याच आठवड्यात टाकीवरच्या पंपवाल्याचे दोन गणवेश शिवून झाले होते. एरवी तो स्वतः येऊन नेतो. मी म्हटलं, चला, आपणच पोचवू, आणि रस्ता किती खराब आहे तेही बघू.

रस्ता लोण्यासारखा होता. पाचही वळणं मी स्कूटरवरून एका लयीत चढले, वहीत लिहायला खडा म्हणून सापडला नाही. पंपवाल्याला विचारलं तर म्हणाला, चार वर्षं झाली की डांबर टाकून, तेव्हापासून असाच आहे. मग त्याने गणवेश अंगाला लावून पाहिला आणि सहज म्हणाला, "तुमचे दादा सांगत नाहीत का, ताई? दर गुरुवारी सकाळी येतात की सायकलवर. दुसऱ्या वळणापर्यंत येतात, कठड्यावर बसतात, आणि परत जातात. मी हात करतो, पण वर काही येत नाहीत."

परत येताना मी दुसऱ्या वळणाशी थांबले. कठडा होता, त्यावर बसायला बरी जागा होती. आधी मला दादाचा भयंकर राग आला. मग त्या कठड्यावर दर गुरुवारी एकटा बसलेला, गुडघे चोळणारा, बासष्ट वर्षांचा माझा भाऊ डोळ्यांपुढे आला आणि मला त्याचं वाईट वाटलं. राग काही गेला नाही. दोन्ही घेऊनच मी खाली आले.

पुढच्या रविवारी सकाळी पाहणी ठरली होती. चार फेऱ्या झाल्या, आकडे लिहिले, निघालो. बारा किलोमीटरवर फाटा आहे. उजवीकडे टाकी, डावीकडे कालवा. दादा मागे न बघता डावीकडे वळला. मी फाट्यावर स्कूटर लावली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. मागे स्कूटर नाही हे त्याच्या लक्षात यायला बराच वेळ लागला, कारण तो मधूनमधून ओरडून खड्ड्यांची मापं सांगत होता. शेवटी आला परत.

"पेट्रोल संपलं?" त्याने विचारलं.

"वळायचं चुकलं तुझं. चढ इकडे आहे."

"तो रस्ता खराब आहे. सांगितलंय ना मी." आणि कान लाल.

मी म्हटलं, "दादा, पंचवीस वर्षं गिऱ्हाइकं मला सांगतायत की कपडा आटला. मी मान डोलावते आणि शिवण उसवून देते, कारण तो माझा धंदा आहे. तुझ्यापुढे मान डोलावणार नाही. मी वर जाऊन आलेय."

तो सायकलवरून उतरला आणि मैलाच्या दगडावर बसला. बराच वेळ चाकाच्या तारांशी खेळत राहिला. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. तीन वर्षांपूर्वी मी तापाने झोपले होते म्हणून तो एकटाच पाहणीला गेला होता, आणि दुसऱ्या वळणावर पाय टेकला. पुढच्या आठवड्यात परत गेला, परत टेकला. वही समोर घेऊन बसला, पण 'नाही' लिहिता येईना आणि 'हो' लिहवेना. मग त्याने कालव्यावरून नवा मार्ग आखला. तो पाय न टेकता चालवला. मग मी बरी झाल्यावर माझ्याकडून 'नाही' लिहून घेतलं.

"वहीत खोटं लिहायचं नव्हतं मला," तो म्हणाला.

"म्हणून शर्यतच खोटी केलीस?"

त्याला हे लागलं. लागेल हे मला माहीत होतं, तरी मी बोलले. तो म्हणाला, आणि आता चढ परत घातला तर लोक म्हणतील पोरीसाठी घातला. मी विचारलं, मग काढलास तेव्हा कुणासाठी काढला होतास? दुकानदारांना तूच सांगतोस ना, काटा कुठल्याही बाजूला ढळला तरी तो बिघडलेलाच म्हणून. दादाने चाकाच्या तारा सोडल्या. उठला, सायकलवर बसला आणि रागारागाने उजवीकडे वळला.

रागाने माणूस पहिलं वळण चढतो. दुसऱ्याला राग संपतो. दुसऱ्या वळणावर त्याने पाय टेकला, कठड्याला धरून श्वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिही." मी लिहिलं. तो पुन्हा बसला. तिसऱ्या वळणावर पुन्हा टेकला. "लिही." मी म्हटलं, दादा, पुरे आता, हृदयाचं काही झालं तर वहिनीला मी काय सांगू. म्हणाला, किती वाजता झालं ते सांग. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं.

चौथ्या वळणावर तो उतरलाच. सायकल हाताने ढकलत, रस्त्याच्या आतल्या कडेने चालू लागला, कारण तिकडे सावली होती. चार पावलं गेला आणि सायकल गपकन थांबली. पुढचं चाक कशात तरी रुतलं होतं. आम्ही दोघं वाकून बघायला लागलो.

गटारावरची लोखंडी जाळी होती. डांबर टाकताना बसवलेली, रस्त्याच्या रंगाचीच झालेली, वर थोडा पाचोळा. पण तिच्या पट्ट्या आडव्या नव्हत्या, रस्त्याच्या दिशेने उभ्या होत्या, आणि दोन पट्ट्यांमधली फट शर्यतीच्या सायकलच्या चाकाएवढी. चढताना दमलेला माणूस वळणाच्या आतूनच जातो, तेवढंच अंतर वाचतं. त्याचं चाक नेमकं तिथेच गेलं असतं. मी स्कूटरवरून दोनदा त्या बाजूने गेले होते आणि मला ती दिसलीसुद्धा नव्हती.

दादा रस्त्यावर मांडी घालून बसला. खिशातून टेप काढून फट मोजली, पुन्हा मोजली. त्याचा चेहरा असा खुलला होता की कुणाला वाटावं त्याला लॉटरी लागली. मग तो गंभीर झाला.

"मी चढून गेलो असतो ना छोटी, तर मला ही दिसली नसती," तो म्हणाला. मी चोपन्न वर्षांची आहे आणि अजून छोटी आहे.

आम्ही जाळीभोवती पिवळ्या रंगाचा जाड चौकोन काढला. पालिकेला जाळी फिरवून बसवण्यासाठी अर्ज केला. त्याचं उत्तर शर्यतीनंतर आठ दिवसांनी आलं, अर्ज मिळाला म्हणून.

मंडळाची सभा डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात भरते. सगळे पेशंटच्या खुर्च्यांवर, भिंतीवर हसऱ्या दाढेचं चित्र. दादाने उभं राहून मार्गाचं पान वाचलं, पहिल्या ओळीपासून. टाकीचा चढ परत घेतल्याचं ऐकून मास्तर खूश झाले. पण तो खाली बसेना. एरवी जो रकाना तो मनात वाचतो तो त्याने मोठ्याने वाचला. पाय टेकला का? हो, तीन वेळा. दुसरं वळण, तिसरं वळण, चौथं वळण. मग त्याने तीन वर्षांपूर्वी चढ का काढला तेही सांगितलं. रस्ता खराब नव्हता, मी खराब झालो होतो, असं म्हणाला. कान अजिबात लाल नव्हते. वही टेबलावर ठेवली आणि म्हणाला की हे काम आता पाय न टेकणाऱ्या कुणीतरी घ्यावं.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांकडे एक नजर टाकली. बेकरीवाल्यांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मास्तर आपल्या गुडघ्याची जुनी हकिगत सांगायला लागले. बाईंनी त्यांना थांबवलं आणि दादाला विचारलं, तुम्ही उतरला नसतात तर ती जाळी कुणाला दिसली असती? दादाने नेहमीप्रमाणे नीट विचार करून नेमकं उत्तर दिलं, "पडणाऱ्याला."

बाईंनी वही उचलून परत त्याच्या हातात दिली. विषय तिथे संपला, मग बेकरीवाल्यांची बिस्किटं आली. पण रस्ता खराब असल्याचं सांगितलं ते बरोबर नव्हतं, हेही बाईंनी त्याला स्पष्ट सुनावलं, आणि ते योग्यच केलं.

शर्यतीच्या दिवशी मार्गाचं पान नेहमीसारखं फळ्यावर चिकटवलं होतं, सगळ्यांना वाचता येईल असं. मुली येऊन अंतरं बघून जात होत्या. खांबाने शेवटची सपाटी किती किलोमीटर आहे ते बघितलं आणि समाधानाने गेली. पिटू तिथेच उभी राहिली. बापाने घरी काही सांगितलं नव्हतं. स्पर्धकाला मार्गाबद्दल आधी काही सांगायचं नाही, मग ती पोटची का असेना. ती खालपर्यंत वाचत गेली आणि शेवटच्या रकान्याशी थांबली. बराच वेळ थांबली. मी लांबून बघत होते. तिने अंगरख्याच्या बाहीने नाक पुसलं आणि सायकलकडे गेली. ती बाही मी रात्री दहा वेळा बघून शिवली होती.

दादा लाल झेंडा घेऊन चौथ्या वळणावर, पिवळ्या चौकोनातच उभा होता, म्हणजे कुणी चुकूनही तिथून जाऊ नये. मी त्याच्याजवळ. पंपवाला नवा गणवेश घालून वरून बघत होता, आणि निवड करणाऱ्या बाई पाचव्या वळणावर, जिथून खालची सगळी वळणं दिसतात, छत्री घेऊन. सगळ्यांत आधी पिटू दिसली. एकटी. मागे दोन वळणांत कुणीच नव्हतं. दादाने झेंडा हलवला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं, कारण पंचाने कुणाला शाबासकी द्यायची नसते. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा त्याचे ओठ पांढरे झाले होते. मी पंच नव्हते. मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण पंपवाला अजून त्याची नक्कल करतो.

शेवटच्या सपाटीवर खांबाने तिला गाठलं आणि एका सायकलच्या अंतराने हरवलं. पिटू दुसरी आली. निवड करणाऱ्या बाईंनी दोघींची नावं लिहून घेतली आणि पिटूला विचारलं, चढावर तीनदा जोर लावलास, तो नेमका त्याच तीन जागी का? बाकीच्या मुली तिथेच मागे पडल्या.

पिटू अजून धापा टाकत होती. "फळ्यावर लिहिलं होतं की," ती म्हणाली. "माझे बाबा जिथे उतरले, तिथे सगळ्यांचेच पाय भरून येणार. म्हटलं, तिथेच जोर लावायचा."

दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. रडतोय हे त्याने लपवलं नाही, जमलंही नसतं. पिटू येऊन त्याच्या खांद्याला घामेजलेलं डोकं टेकून उभी राहिली. ती किती हलकी आहे हे मला तेव्हा परत जाणवलं, कारण दादा जराही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन दुकानात आला. पुढच्या वर्षाचं पान आखून दे म्हणाला, माझ्या रेघा सरळ येतात म्हणून. मी शिवणकामाची पट्टी घेतली, रकाने पाडले, मथळे लिहीत गेले. शेवटच्या रकान्याशी आल्यावर त्याने पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या किरट्या अक्षरात मथळा लिहिला, 'पाय कुठे कुठे टेकला'.

मी म्हटलं, दादा, एवढं सगळं या रकान्यात मावेल का?

"खोड आणि परत आख," तो म्हणाला. "जरा रुंद आख, छोटी. दरवर्षी वाढत जाणार आहे."